डेंग्यूच्या गर्दीत लपलेला ल्युकेमिया: मशीन किती सांगतं आणि पुढे काय करायचं

घणसोलीच्या एका लॅबमध्ये काम करणाऱ्या, डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) झालेल्या मुलीने विचारलं आहे: "आमच्याकडे नवं फाइव्ह-पार्ट मशीन (पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार मोजणारं) आलंय. पावसाळ्यात दिवसाला अडीचशे-तीनशे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) होतात आणि पन्नास-साठ सॅम्पलवर काही ना काही फ्लॅग (मशीनचा इशारा) येतो. सगळ्यांच्या स्लाइड (काचेवर पसरून रंगवलेलं रक्त) बघणं होत नाही. या मशीनवर ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) लवकर कळतो असं मशीन बसवायला आलेला माणूस सांगून गेला. एपीएलसारखा दुर्मिळ ल्युकेमियासुद्धा कळतो का? आणि कुठले फ्लॅग सोडले तर चालतील?"

मी ठाण्यात चोवीस वर्षं पॅथॉलॉजी करते आहे. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण तो विचारायलाच लोक कचरतात. तर आधी थोडक्यात: हो, कळतो, पण नावानिशी नाही. मशीन फक्त इतकंच म्हणतं की या सॅम्पलमधल्या पेशी माझ्या ओळखीच्या घरात बसत नाहीत. पुढचं काम आपलं, आणि ते त्याच दिवशी, खरं तर त्याच तासाला व्हावं लागतं.

एपीएल म्हणजे अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, प्रोमायलोसाइट नावाच्या अपक्व पांढऱ्या पेशींचा रक्तकर्करोग. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या साधारण दहा रुग्णांत एखादा याचा असतो. १९५७ साली नॉर्वेच्या हिलेस्टाड यांनी तीन रुग्णांचं वर्णन करून हा वेगळा आजार आहे हे मांडलं. तिघेही काही आठवड्यांत रक्तस्रावाने गेले होते. या पेशींच्या आत जे दाणे असतात, त्यांतून आणि पेशींच्या पृष्ठभागावरून अशी द्रव्यं येतात की शरीरात जागोजागी रक्त गोठायला लागतं आणि झालेली गाठ विरघळायलाही लागते. गोठण्याचं सगळं साहित्य तिथेच खर्ची पडतं. मग हिरडीतून रक्त येतं, मांडीवर तळहाताएवढे काळेनिळे डाग उठतात, आणि पुढचा रक्तस्राव मेंदूत किंवा फुप्फुसात होऊ शकतो.

आता याची दुसरी बाजू बघा. १९८८ साली शांघायच्या डॉक्टरांनी 'अ' जीवनसत्त्वापासून बनवलेल्या ट्रेटिनॉइनच्या गोळ्या (आपण त्याला अ‍ॅट्रा म्हणतो) २४ रुग्णांना दिल्या आणि सगळ्यांचा आजार ओसरला. पुढे त्याला आर्सेनिकची जोड मिळाली. आपल्या वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाने तर नुसत्या आर्सेनिकवर रुग्ण बरे करून दाखवले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या इटली-जर्मनीच्या अभ्यासात पांढऱ्या पेशी १०,००० पर्यंत असलेल्या रुग्णांना फक्त अ‍ॅट्रा आणि आर्सेनिक दिलं, नेहमीची केमोथेरपी नाही, आणि दोन वर्षांनंतर ९७ टक्के जण आजाराविना होते. म्हणजे तीव्र ल्युकेमियांमध्ये सगळ्यांत बरा होणारा हा प्रकार आहे. माणूस दगावतो तो बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांत, औषध पोटात जाण्याआधी किंवा नुकतंच गेलेलं असताना. ते पहिले दिवस कुणाच्या हातात असतात? ज्या लॅबमध्ये पहिला सीबीसी झाला तिच्या. म्हणून तुमचा प्रश्न मला एवढा महत्त्वाचा वाटतो.

मशीन काय करतं ते नीट समजून घ्या, म्हणजे कुठे विश्वास ठेवायचा हे आपोआप कळेल. जुनं थ्री-पार्ट मशीन विजेच्या अडथळ्यावर पेशी मोजतं. वॉलेस कुल्टर यांना १९५३ साली पेटंट मिळालं ते तत्त्व आजही तेच आहे. त्यात पांढऱ्या पेशी फक्त आकाराने ओळखल्या जातात: छोट्या, मधल्या, मोठ्या. ल्युकेमियाच्या पेशी मधल्या किंवा मोठ्या ढिगात जाऊन बसतात आणि आकडा छान छापून येतो. थ्री-पार्टवर बघायचं ते हिस्टोग्राम, म्हणजे पेशींच्या आकाराचा आलेख. एरवी दोन टेकड्यांच्या मध्ये दरी दिसते. ती दरी भरून आली असेल तर टक्केवारीकडे न बघता स्लाइड काढा.

तुमचं नवं मशीन लेझरवर चालत असेल तर ते प्रत्येक पेशीचे बहुधा तीन गुण मोजतं: आकार, आत किती दाणे आणि गुंतागुंत, आणि रंगद्रव्य लावल्यावर किती चमक, म्हणजे आत किती न्यूक्लिइक आम्ल. या तीन गुणांवरून स्कॅटरग्रामवर ठिपक्यांचे पुंजके पडतात. एपीएलच्या पेशींत दाणे खच्चून भरलेले असतात आणि पेशी अपक्व असल्याने चमकही जास्त असते. त्यामुळे न्यूट्रोफिलचा पुंजका आणि मोनोसाइटचा पुंजका (दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार) यांच्यामधली मोकळी जागा भरते, सीमारेषा पुसते आणि मशीनला कुठे कापायचं तेच कळत नाही. मग ते टक्केवारीच्या जागी रेघा किंवा चांदण्या छापतं. काही मशीन पेशींमधला मायलोपेरॉक्सिडेज नावाचा एन्झाइम मोजतात. एपीएलमध्ये तो इतका जास्त असतो की पुंजका एका बाजूला ढकलला जातो, आणि सवय झालेल्या डोळ्याला ते चित्र लांबूनही वेगळं दिसतं.

पण दोन खड्डे आहेत. पहिला असा, की बऱ्याच मशीनवर ब्लास्ट (ल्युकेमियातल्या अगदी अपक्व पेशी) आणि वेगळ्या दिसणाऱ्या लिम्फोसाइट यांचा फ्लॅग एकच असतो, निदान शेजारी तरी असतो. डेंग्यूत निळ्या कडेच्या, फुगलेल्या लिम्फोसाइट भरपूर येतात, त्यामुळे जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत हा फ्लॅग दिवसाला चाळीस वेळा येतो आणि डोळा मरतो. दुसरा खड्डा जास्त खोल आहे. एपीएलच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत पांढऱ्या पेशी कमीच असतात, कधी हजार-दीड हजार. मोजायलाच पेशी कमी, म्हणून पुंजका विरळ, म्हणून कधीकधी फ्लॅग येतच नाही. फ्लॅग नाही म्हणजे काळजी नाही, असं या आजारात धरता येत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. बऱ्याच वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. शनिवारची संध्याकाळ, बाहेर धो धो पाऊस, आणि वागळे इस्टेटमध्ये कामाला असलेल्या एका तिशीतल्या तरुणाचं सॅम्पल आलं. ताप चार दिवस, हिरडीतून रक्त. हिमोग्लोबिन ८.६, पांढऱ्या पेशी १,९००, प्लेटलेट्स २२,०००. डिफरन्शियलच्या (पांढऱ्या पेशींच्या प्रकारांच्या टक्केवारीच्या) जागी रेघा. त्या दिवशी कमी प्लेटलेट्सचं ते तिसावं-पस्तिसावं सॅम्पल असेल. एनएस-वन, म्हणजे डेंग्यूची चाचणी, निगेटिव्ह होतं, पण चौथ्या-पाचव्या दिवशी ते निगेटिव्ह येऊ शकतं हे आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. स्लाइड काढली, रंगवली आणि ट्रेमध्ये ठेवली. रिपोर्ट आकड्यांवर सुटला. मी रविवारी लॅबला गेले नाही. सोमवारी सकाळी नऊला ती स्लाइड लेन्सखाली घेतली आणि पहिल्याच फील्डमध्ये हात थांबला. फोन केला तेव्हा त्याच्या बायकोने सांगितलं की रविवारी पहाटे डोकं फार दुखलं, उलटी झाली आणि तो शुद्धीवर नाही. तो गेला. स्लाइड ट्रेमध्ये छत्तीस तास पडून होती. चूक माझ्या लॅबची आणि माझी होती. त्या मुलाच्या जिवाला धोका असल्याचा इशारा मशीनने दिला होता, आम्ही तो वाचला नाही. तेव्हापासून आमच्याकडे रविवारची पाळी सुरू झाली आणि रेघा आलेली स्लाइड ट्रेमध्ये ठेवायची बंद झाली.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. तापाच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन ठीक आहे, पुंजके वेगवेगळे दिसताहेत, टक्केवारी आली आहे आणि फक्त लिम्फोसाइटचा फ्लॅग आहे, तर ती स्लाइड रांगेत थांबू शकते. प्लेटलेट्स गोळा झाल्याचा फ्लॅग असेल तर स्लाइडच्या टोकाला गुठळ्या आहेत का तेवढं बघा, दोन मिनिटांचं काम. न्यूमोनियाच्या रुग्णाच्या अपक्व ग्रॅन्युलोसाइटना घाई नाही. पण ब्लास्टचा स्वतंत्र फ्लॅग, डिफरन्शियलमध्ये रेघा, किंवा प्लेटलेट्स कमी असताना मोनोसाइट २५-३० टक्के छापून येणं, यातलं काहीही थांबवायचं नाही. ते मोनोसाइट बहुधा मोनोसाइट नसतात. आणि फ्लॅग असो वा नसो, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स दोन्ही खाली असतील तर स्लाइड बघितल्याशिवाय रिपोर्ट सोडायचा नाही. रक्तविज्ञानातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २००५ साली स्लाइड कधी बघायची याचे ४१ नियम दिले. त्यात पहिल्यांदाच आलेल्या रुग्णाच्या प्लेटलेट्स १ लाखाखाली असतील तर स्लाइड बघा असं आहे. ठाण्या-नवी मुंबईच्या पावसाळ्यात तो नियम तंतोतंत पाळणं जड जातं हे मला मान्य आहे. म्हणूनच मी दोन्ही खाली असलेल्यांवर हट्ट धरते.

याचं कारण साधं आहे. डेंग्यूत रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) चढतो. मोठा रक्तस्राव झालेला नसताना डेंग्यूच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन ८ असण्याचं काही कारण नाही. तुम्ही म्हणाल, आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन एरवीही ८-९ असतंच. बरोबर. म्हणून शेजारचा एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, बघा. लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर असेल तर लाल पेशी लहान असतात, एमसीव्ही ७० च्या आसपास येतो. हिमोग्लोबिन ८, एमसीव्ही ९०, प्लेटलेट्स ३०,००० असा मेळ दिसला की उठून स्लाइड काढायची. काउंटरवर उभ्या माणसाचे हात-पायही बघा. प्लेटलेट्स ४०,००० असताना सुई टोचलेल्या जागी रक्त थांबत नाही, दंडावर मोठा डाग आहे, किंवा परवा दाढ काढली आणि अजून कापूस लाल होतोय, हे आकड्याच्या मानाने जास्त आहे. तुमचा रक्त घेणारा मुलगा हे सगळ्यांत आधी बघतो. त्याला ते सांगायची सवय लावा.

स्लाइडबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण खरं निदान तिथेच होतं. पावसाळ्यात हवा दमट असते, स्लाइड नीट सुकण्याआधी लिशमनचा रंग ओतला तर लाल पेशींत पाण्याचे फोड दिसतात आणि दाणे नीट उठत नाहीत. आधी पंख्याखाली पूर्ण सुकू द्या. बघताना थेट शंभरच्या लेन्सवर जाऊ नका. आधी दहाच्या लेन्सवर स्लाइडची शेपटी आणि दोन्ही कडा फिरा, कारण मोठ्या पेशी ओढल्या जाऊन तिथेच साठतात. पांढऱ्या पेशी फारच कमी असतील तर ईडीटीएची ट्यूब (सीबीसीचं रक्त असलेली) सेंट्रिफ्यूज करून मधल्या पांढऱ्या थराची स्लाइड करा. शंभर पेशी शोधायला अर्धा तास जायचा तो पाच मिनिटांवर येतो.

एपीएलची पेशी एकदा बघितली की विसरत नाही. मोठी असते, आणि जांभळट-लाल दाणे इतके दाटलेले की कधीकधी केंद्रकाची कडच दिसत नाही. केंद्रक मध्ये चिमटलेलं, दोन पाकळ्यांचं. आणि काही पेशींत ऑअर रॉड, म्हणजे लालसर काड्या, एकदोन नाही तर जुडीच्या जुडी, रानातून बांधून आणलेल्या सरपणाच्या मोळीसारख्या एकमेकींवर पडलेल्या. एका पेशीत अशी मोळी दिसली तरी मी दुसरी शोधत बसत नाही, फोन उचलते.

इथे तंत्रज्ञांकडून एक चूक वारंवार होते, आणि ती हुशार तंत्रज्ञांकडून जास्त होते. ते या पेशी "प्रोमायलोसाइट ४० टक्के" अशा प्रामाणिकपणे मोजून लिहितात आणि मनात सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, हळू वाढणारा प्रकार) किंवा जंतुसंसर्ग धरतात. सीएमएलमध्ये पांढऱ्या पेशींचा काउंट चढलेला असतो, प्लेटलेट्स भरपूर असतात आणि मायलोसाइट, मेटामायलोसाइट, बँड अशी पेशी पक्व होण्याची सगळी पायरी भरलेली असते. एपीएलमध्ये प्रोमायलोसाइटच्या पुढची पायरीच रिकामी असते. प्रोमायलोसाइट भरपूर, पुढचं काही नाही आणि प्लेटलेट्स तळाला, हे चित्र ब्लास्टइतकंच गंभीर धरायचं. याचा एक फसवा प्रकारही आहे: दाणे इतके बारीक की नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत, केंद्रक दोन पाकळ्यांचं, काउंट चढलेला. तो हमखास मोनोसाइट म्हणून लिहिला जातो. तरुण रुग्ण, खूप "मोनोसाइट" आणि रक्तस्राव, हे एकत्र दिसलं की दुसऱ्या कुणाला तरी स्लाइड दाखवा.

मशीन बसवणाऱ्याने तुम्हाला कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलही सांगितलं असेल. त्या दिशेने खरंच काम होतंय आणि मला त्याची उत्सुकता आहे. २०२१ साली अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने स्लाइडवरच्या पेशींच्या फोटोंवरून एपीएल ओळखणारी संगणक-प्रणाली तयार केल्याचं प्रसिद्ध झालं. २०२४ साली फ्रान्सच्या गटाने तर नेहमीच्या रक्ततपासण्यांच्या आकड्यांवरून ल्युकेमियाचा प्रकार सांगणारं मॉडेल मांडलं. पण त्यांचा प्रश्न आणि तुमचा प्रश्न वेगळा आहे. तिथे रुग्णाला तीव्र ल्युकेमिया आहे हे धरून तो कुठला ते ओळखायचं होतं. तुमच्यापुढे तीनशे माणसं आहेत, बहुतेकांना डेंग्यू, मलेरिया किंवा साधा ताप, आणि वर्षा-दोन वर्षांत एखादा एपीएल. समजा एखादी प्रणाली एपीएल नसलेल्या माणसाला ९९ टक्के वेळा एपीएल नाही असंच म्हणते. तरी रोज तीन खोटे इशारे येतील, वर्षाला शेकडो. त्या शेकडोंमध्ये खरा एक ओळखायला शेवटी कुणीतरी स्लाइड बघणारच. प्रणालीने साठ स्लाइडच्या रांगेतल्या पाच पुढे आणून दिल्या तर ते मोठं काम झालं, आणि तेवढ्यासाठी मी ती आनंदाने घेईन.

स्लाइडवर संशय आला की वेळ मोजायला लागा. निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये खुणेपर्यंत रक्त घेऊन पीटी, एपीटीटी, फायब्रिनोजेन आणि डी-डायमर या रक्त गोठण्याच्या तपासण्या लावा. पीटी लांबलेला, फायब्रिनोजेन उतरलेलं, डी-डायमर खूप चढलेला, म्हणजे संशय बळावला. पण या रिपोर्टसाठी फोन थांबवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवून आपलं काम संपत नाही. तो रुग्ण रात्री पीडीएफ बघतो, "प्लेटलेट्स कमी आहेत" एवढं वाचतो, पपईच्या पानांचा रस पितो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फॅमिली डॉक्टरकडे जातो. त्यात चोवीस तास जातात. तुमच्या पॅथॉलॉजिस्टनी त्या डॉक्टरांशी स्वतः बोलायला हवं, आणि बोलताना आडपडदा नको: तीव्र ल्युकेमिया वाटतोय, बहुधा एपीएल, रक्तस्रावाचा धोका आहे, स्नायूत इंजेक्शन देऊ नका, आजच रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवा. कमरेत दिलेलं तापाचं एक इंजेक्शनही या रुग्णात मोठी गाठ करून बसतं.

रक्तविकारतज्ज्ञ अ‍ॅट्रा संशयावरच सुरू करतात. १५ आणि १७ या गुणसूत्रांची अदलाबदल झाली आहे का, म्हणजे पीएमएल-आरएआरए या जनुकांची जुळणी आहे का, याचा फिश किंवा पीसीआर या जनुकीय तपासणीचा रिपोर्ट नंतर येतो, आणि तो नकारात्मक आला तर गोळ्या थांबवता येतात. सोबत प्लेटलेट्स ३० ते ५० हजारांच्या वर आणि फायब्रिनोजेन डेसिलिटरला १०० ते १५० मिलिग्रॅमच्या वर राखायला रक्तघटक चढवले जातात. तुमच्या फोनमध्ये हे शब्द असतील तर पलीकडचा डॉक्टर लगेच हलतो, असा माझा अनुभव आहे.

काउंटरवर नातेवाईक विचारतील, "मॅडम, काय निघालं?" त्यांना तुम्ही आजाराचं नाव सांगू नका, ते डॉक्टरांचं काम आहे. पण त्यांना घरीही जाऊ देऊ नका. "डॉक्टर स्वतः तुमच्याशी बोलणार आहेत, पाच मिनिटं थांबा," एवढंच म्हणा आणि खुर्ची द्या. मागच्या वर्षी कळव्याची एक बाळंतीण अशीच थांबवली होती. संध्याकाळी सहाला सॅम्पल लागलं, साडेसातला फोन झाला, रात्री अकराला तिच्या पोटात पहिली गोळी गेली. मार्चमध्ये ती बाळाला घेऊन लॅबमध्ये येऊन गेली.

आणि रुग्णाला पुढे पाठवताना उरलेली ईडीटीएची ट्यूब फेकू नका. रंगवलेली स्लाइड, दोन न रंगवलेल्या स्लाइड आणि मशीनच्या स्कॅटरग्रामचा रंगीत प्रिंट एका पाकिटात घालून नातेवाइकाच्या हातात द्या. टाटा मेमोरियलचं खारघरचं केंद्र तुमच्यापासून फार लांब नाही. रुग्ण तिथे जावो किंवा दुसऱ्या कुठल्या मोठ्या रुग्णालयात, त्या पाकिटामुळे तिथला डॉक्टर नव्या रिपोर्टची वाट न बघता तुमचीच स्लाइड लेन्सखाली घेऊ शकतो. पाकिटावर रुग्णाचं नाव, वय, रक्त घेतल्याची वेळ आणि तुमच्या पॅथॉलॉजिस्टचा मोबाइल नंबर लिहा. नंबर असा द्या की रात्री दोनलाही उचलला जाईल.